उतरलेला पंचम

शाळेच्या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं जुन्या विद्यार्थ्यांनीं कांहीं लिहून द्यावें, अशी संपादकांची इच्छा आम्हांस कळविण्यांत आली, तेव्हां आम्ही तिघेही प्रथम चकित झालों. शाळेंत असतांना मराठी निबंधांत आम्हां तिघांस मिळून जितके गुण पडत, तितके वर्गांतील पहिल्या मुलास एकट्यास पडत असत. तथापि शाळेची आज्ञा मोडवेना. म्हणून हा लेख आम्ही तिघे मिळून लिहीत आहों. लिहिणारा हात एकाचा आहे, आठवणी तिघांच्या आहेत, आणि जेथें तिघांच्या आठवणींत मेळ बसला नाहीं तेथें दोघांचें मत ग्राह्य धरलें आहे. यास्तव या लेखांत जो ‘आम्ही’ शब्द वारंवार येईल, तो मोठेपणासाठीं योजिलेला नाहीं, हें वाचकांनीं कृपा करून ध्यानांत घ्यावें.

विषय ऐकून कांहीं पालकांच्या कपाळास आठी पडेल, असें भय आम्हांस प्रथम वाटलें. कारण आम्ही एका रॉक गाण्याविषयीं लिहिणार आहों. परंतु आजचे बहुतेक पालक स्वतःच असलीं गाणीं ऐकत वाढले आहेत. तेव्हां आठी पडलीच तर ती आजोबांच्या कपाळास पडेल, आणि आजोबा म्हणजे आतां आम्हीच.

गाण्याचें नांव ‘स्मोक ऑन द वॉटर’, म्हणजे पाण्यावरचा धूर. ‘डीप पर्पल’ नांवाच्या इंग्रज वाद्यवृंदानें तें रचलें, आणि १९७२ सालीं निघालेल्या ‘मशीन हेड’ या त्यांच्या संग्रहांत तें प्रथम आलें. आमच्या हातीं तें दहा वर्षांनीं, १९८२ च्या जून महिन्यांत पडलें. आम्ही तेव्हां नववींत होतों. आमच्यापैकीं एकाचे मामा मालवाहू जहाजावर नोकरीस होते. त्यांनीं परदेशांतून आणलेल्या कॅसेटींपैकीं ही एक. आम्हीं ती इतकी वाजविली कीं, तिची फीत एके ठिकाणीं सुरकुतली. आणि कॅसेटींत पेन्सिल घालून फीत गुंडाळण्याची विद्या आम्हांस बीजगणिताच्या आधीं अवगत झाली.

या गाण्याचा आरंभ ज्यानें एकदां ऐकला, तो तो सहसा विसरत नाहीं. प्रथम एकटें गिटार चार सुरांचा एक तुकडा वाजवितें. तोच तुकडा पुनः पुनः येत राहतो. मग झांजांची बारीक किणकिण सुरू होते, मग ड्रम पडतो, आणि सर्वांच्या शेवटीं बास गिटारचा जड सूर खालून येऊन मिळतो. गांवांत संध्याकाळीं एखाद्या ओट्यावर एकामागून एक माणसें येऊन बसावींत आणि पाहतां पाहतां बैठक भरावी, तसें तें वाटतें. इंग्रजींत या तुकड्यास रिफ म्हणतात. आम्ही त्यास ‘मुखडा’ म्हणत असूं, आणि येथेंही तोच शब्द वापरूं.

शब्द मात्र आम्हांस नीट लागत नव्हते. कोठें तरी आग लागली आहे एवढें समजे. आमच्यापैकीं एकाचें म्हणणें, हें जहाजाच्या आगीचें वर्णन असावें. मामा जहाजावर असल्यामुळें त्या मतास कांहीं दिवस वजन होतें. खरी हकीकत पुष्कळ वर्षांनीं कळली. ती आजच्या मुलांस ठाऊक असावी म्हणून येथें सांगतों.

१९७१ च्या डिसेंबरच्या ४ तारखेस स्वित्झर्लंडांतील मॉन्त्रो या गांवीं, जिनीव्हा सरोवराच्या कांठच्या कॅसिनोंत, फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराचा जलसा चालला होता. डीप पर्पलची मंडळी आपल्या नव्या संग्रहाचें ध्वनिमुद्रण त्याच इमारतींत करण्यासाठीं आलेली होती. जलसा आटोपला कीं जागा त्यांस मोकळी मिळावयाची होती. इतक्यांत प्रेक्षकांपैकीं कोणी तरी इशाऱ्याची दारू उडविण्याचें पिस्तूल छताकडे झाडलें. आग भडकली. मॉन्त्रोचा संगीत-महोत्सव चालविणारे क्लोद नोब्स यांनीं आंत धांवत जाऊन मुलांस बाहेर काढलें. जीवितहानि झाली नाहीं. परंतु झॅपाच्या मंडळींचीं वाद्यें गेलीं, इमारत जळून खाक झाली, आणि तिचा धूर सरोवराच्या पाण्यावर पसरला. पुढें कांहीं दिवसांनीं, बास वाजविणारे रॉजर ग्लोव्हर झोपेंतून जागे होत असतांना त्यांच्या तोंडून जे शब्द निघाले, तेंच या गाण्याचें नांव झालें.

जागा तर गेली. आतां वाजवावयाचें कोठें? नोब्स यांनीं त्यांस पॅव्हिलियन नांवाचें एक नाट्यगृह मिळवून दिलें. तेथें नेमकें याच गाण्याचें वादन मुद्रित होत असतां शेजाऱ्यांनीं आवाजाबद्दल तक्रार केली. पोलीस दारावर आले. तेव्हां वादन पुरें होईपर्यंत त्यांच्या माणसांनीं दार आंतून दाबून धरलें! शेवटीं हिंवाळ्यामुळें रिकामें पडलेलें एक मोठें हॉटेल मिळालें, आणि त्याच्या थंडगार बोळांत गाद्या उभ्या करून त्यांनीं उरलेलें काम संपविलें. विशेष हें कीं, या गाण्यापासून त्यांची स्वतःची फारशी अपेक्षा नव्हती. संग्रहांतील दुसरेंच एक गाणें गाजेल अशी त्यांची अटकळ होती. १९७३ सालीं अमेरिकेंत हें निराळें काढलें, तें तेथील यादींत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलें. आज जगांत जो कोणी गिटार हातीं धरतो, तो प्रायः पहिल्या आठवड्यांतच हा मुखडा वाजवूं पाहतो.

आम्हींही तेंच केलें. आमचें पॅव्हिलियन म्हणजे भायखळ्यास आमच्यापैकीं एकाच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीची खोली. तेथें शनिवारीं दुपारीं आम्ही जमत असूं. भिंतींवर घरच्या दोन गोधड्या टांगल्या होत्या; त्यायोगें आवाज बाहेर जात नाहीं अशी आमची समजूत होती. ती खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध पारशी गृहस्थांनीं दूर केली. ते काठी टेकीत चार जिने चढून वर आले, दारांत उभे राहून त्यांनीं दम घेतला, आणि आम्ही बोलणीं खाण्याच्या तयारींत असतां एवढेंच म्हणाले कीं, दोनपासून चारपर्यंत ते झोंपतात. त्यापुढें आम्हीं खुशाल वाजवावें. पुढें एके दिवशीं आम्ही सहा वाजेपर्यंत वाजविलें नाहीं, तर तब्येत बरी आहे ना म्हणून त्यांनीं नोकरास विचारावयास पाठविलें.

आमच्याजवळ गिटारें दोन, दोन्ही साधीं, लांकडी, पोकळ. तीं चोरबाजारांत घेतलीं होतीं. त्यांपैकीं एकावर केवळ चार जाड तारा ठेवून त्यास आम्ही बास म्हणत असूं. तारा मात्र धोबीतलावावर फुर्तादो यांच्या दुकानांत जाऊन नव्या आणल्या होत्या. दुसऱ्या गिटारास एक लहानसें ध्वनिग्राहक यंत्र चिकटविलें होतें, व त्याची तार जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या पाठीमागें, जेथें ग्रामोफोनची तार जोडीत, तेथें खोंचली होती. आवाज वाढविला कीं तो बिचारा रेडिओ घशांत कांहीं अडकल्याप्रमाणें घरघरे. परंतु मूळ गाण्यांतील गिटारही घरघरतेंच, म्हणून आम्ही संतुष्ट होतों. आमच्यापैकीं तिसरा गात असे, आणि शाळेच्या सभागृहांत संधि मिळाली म्हणजे तेथील पायपेटीवर ऑर्गनची बाजू सांभाळी. मूळ वाद्यवृंदांतील जॉन लॉर्ड हे आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या ध्वनिवर्धकांतून वाजवीत. आमची पायपेटी भात्यावर चाले, आणि तिचा एक पाय लांकडाच्या ठोकळ्यावर होता.

हे झाले आम्ही तिघे. आमच्यांत चौथा एक होता, आणि खरें सांगावयाचें तर गाणें त्याचेंच होतें. त्याचें नांव आम्ही येथें देत नाहीं. तें छापलेलें त्यास आवडेल कीं नाहीं, हें त्यास विचारण्याची आम्हांस सोय नाहीं.

तो लालबागेस एका चाळींत राहत असे. त्याचे वडील गिरणींत साचेखात्यांत कामास होते. चाळींत भजनी मंडळ होतें, वडील त्यांत पेटी वाजवीत, आणि मुलगा पांचव्या वर्षापासून पखवाजावर हात मारीत असल्यामुळें ताल त्याच्या अंगांत भिनलेला होता. आमच्याकडे ड्रम नव्हते. तो एक ढोलकी, एक बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणि मंडळाचे टाळ फडक्यांत गुंडाळून घेऊन येई. टाळांपैकीं एक गुडघ्याखालीं दाबून दुसऱ्यानें त्यावर तो अशी कांहीं किणकिण काढी कीं, कॅसेटींतील झांजा व त्या टाळा यांत आम्हांस भेद वाटत नसे. आमचीं गिटारेंही तोच लावून देई. आम्ही खुंट्या पिळीत बसत असूं, आणि तो न पाहतां, डब्यावर बोटें चालवीत, “चढला… अजून… आतां उतरला,” असें म्हणत राही.

मुखडा आम्हांस येत होता. निदान तसें आम्हांस वाटे. सर्वांत जाड तारेवर एकेक सूर दाबून आम्ही तो वाजवीत असूं. तो ओळखूंही येई. पण कॅसेटींत जें भरलेंपण होतें तें आमच्या वाजविण्यांत येईना. आम्ही दोष रेडिओस देत असूं.

श्रावणांतील एका गुरुवारीं त्यानें आम्हांस आपल्या घरीं भजनास नेलें. त्या वेळीं गिरण्या बंद होत्या. १९८२ च्या जानेवारीच्या १८ तारखेस मुंबईच्या गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला होता; सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले होते, आणि त्यास आतां सहा महिने उलटून गेले होते. पाळीच्या वेळीं होणारा भोंगा होत नव्हता. चिमण्या उभ्या होत्या, पण त्यांतून धूर निघत नव्हता. आम्हां भायखळ्याच्या मुलांस त्याचें विशेष कांहीं वाटलें नाहीं. कपडे वाळत घातले तर काजळी बसत नाहीं, असें आमच्या घरचीं माणसें म्हणत, एवढेंच. त्यांच्या चाळींत मात्र भर दुपारीं सगळे पुरुष घरीं दिसत, आणि तें पाहून आम्हांस कसेंसेंच झालें.

भजनास मंडळी थोडी होती. बरेच जण गांवीं निघून गेले होते. भजन आटोपल्यावर मुलानें वडिलांस आमची कॅसेट ऐकविली. शेजारच्या खोलींतून टेपरेकॉर्डर आणला होता. वडिलांनीं डोळे मिटून मुखडा ऐकला, आणि विचारलें, “यांत तंबोरा कोण धरतोय रे?”

आम्हांस हसूं आलें. आम्ही तिघेही हसलों, हें येथें लिहिलें पाहिजे. तो हसला नाहीं. त्यानें कॅसेट मागें फिरवून पुनः लावली, पेटी पुढें ओढली, आणि दोन बोटांनीं दोन पट्ट्या एकदम दाबल्या: खालचा पंचम आणि त्यावर षड्ज. तेथून त्यानें तीं दोन्ही बोटें तशींच जोडीनें वर नेलीं, आणि त्या पत्र्याच्या छपराच्या खोलींत हुबेहूब तें भरलेंपण आलें.

“तुम्ही एकच सूर लावतां,” तो म्हणाला, “त्यांत दोन आहेत. खालीं पंचम आहे.”

ज्यांस गाण्याची आवड आहे त्यांच्यासाठीं थोडें विस्तारानें सांगतों. हा मुखडा चार सुरांचा: षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, आणि मध्यें एकदांच क्षणभर डोकावणारा तीव्र मध्यम. प्रथम सा ग म. मग सा ग, तीव्र म, आणि लगेच शुद्ध म. मग सा ग म ग सा. परंतु यांतील प्रत्येक सुराच्या खालीं, त्यापासून चौथा, असा दुसरा सूर सतत चालत असतो. षड्जाखालीं मंद्र पंचम येतो, गंधाराखालीं कोमल निषाद, मध्यमाखालीं षड्ज आणि तीव्र मध्यमाखालीं कोमल ऋषभ. तंबोऱ्याची पहिली तार पंचमाची व पुढल्या षड्जाच्या. तेव्हां मुखड्याच्या पहिल्याच ठोक्यास तंबोऱ्याची ती जोडी कानांवर पडते. त्या गृहस्थांनीं आयुष्यांत इंग्रजी गाणें लक्ष देऊन ऐकलें नव्हतें. त्यांस ऐकूं आलें तें हें. गिटारवर हे दोन सूर म्हणजे चौथी व तिसरी तार. दोन्ही मोकळ्या सोडल्या कीं पहिला ठोका आपोआप मिळतो. रिची ब्लॅकमोर हे मूळ वादक या दोन तारा चकतीनें छेडीत नाहींत, बोटांनीं एकदम उचलतात, हें आम्ही पुष्कळ पुढें वाचलें. आमच्या मित्रानें तें पेटीवर काढलें होतें, कारण पेटीवर दोन बोटांवांचून गत्यंतरच नाहीं.

त्या शनिवारीं टाकीच्या खोलींत आम्ही चौघांनीं तो मुखडा सबंध दुपारभर वाजविला. गाणें पुढें नेण्याचें कोणाच्या मनांतच येईना. एका बाजूनें रेडिओ घरघरत होता, दुसरीकडे टाळ किणकिणत होते, टाकींत पाणी चढत होतें, बाहेर पाऊस होता. त्यानंतर आम्हीं पुष्कळ चांगलीं वाद्यें हाताळलीं, चांगल्या जागीं वाजविलें. तसें मात्र पुनः वाजलें नाहीं. या एका बाबतींत आम्हां तिघांच्या आठवणींचा पूर्ण मेळ आहे.

दिवाळीनंतर स्नेहसंमेलनाचे वेध लागले. मुख्याध्यापकांनीं मोठ्या उदारपणें आमच्या गाण्यास चार मिनिटें दिलीं. मूळ गाणें पांच मिनिटें चाळीस सेकंदांचें. आम्हीं त्यांतील एक कडवें गाळलें. इकडे आमच्या मित्राचें येणें अनियमित होऊं लागलें होतें. तो पहाटे घरोघर वर्तमानपत्रें टाकी, संध्याकाळीं एका वाण्याकडे पुड्या बांधी, आणि शनिवारीं आला तर भिंतीस टेकून डोळे मिटी. आम्ही त्यास कांहीं विचारलें नाहीं. तोही बोलला नाहीं.

त्याच सुमारास दुसऱ्या तुकडींतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं त्यास खरे ड्रम घेऊन दिले. पांच ढोल, तीन झांजा, पायानें वाजविण्याची मोगरी, सर्व कांहीं चकचकीत. त्या मुलाचा यांत अणुमात्र दोष नाहीं. आमचा आधींचा ड्रमवाला कोणी आहे हेंही त्यास ठाऊक नव्हतें, कारण आम्हीं तें त्यास सांगितलेंच नाहीं. त्यास आपल्यांत घ्यावें, हें प्रथम कोणीं सुचविलें याविषयीं आमच्यांत आजही एकमत नाहीं. दोघांचें मत ग्राह्य धरण्याचा नियम येथें चालत नाहीं. कारण प्रत्येकास वाटतें, आपणच सुचविलें. रंगमंचावर बिस्किटांचा डबा कसा दिसेल, असें एक वाक्य त्या वेळीं कोणी तरी उच्चारलें होतें. तें मात्र आम्हां सर्वांस आठवतें.

आपल्या मित्रास हें आधीं सांगावें, एवढेंही धैर्य आम्हांस झालें नाहीं. पुढल्या शनिवारीं तो नेहमींप्रमाणें फडक्यांत टाळ घेऊन शाळेच्या सभागृहांत आला, आणि दारांतच त्यास ते ड्रम मांडलेले दिसले. आम्ही घाईघाईनें म्हणालों, “अरे, हें फक्त संमेलनापुरतें.” तो जवळ गेला, मोठ्या झांजेवर त्यानें नखानें एक टिचकी मारली, ती पुरती विरेपर्यंत ऐकली, आणि म्हणाला, “चांगला आवाज आहे.” मग तो खालीं बसला, आमचें गिटार मागून घेऊन त्यानें लावून दिलें, आणि पहिली तालीम पुरी ऐकून गेला. टाळ त्यानें फडक्यांतून बाहेर काढले नाहींत.

संमेलनाच्या दिवशीं गिटार आम्हींच लावलें. भाड्यानें आणलेला ध्वनिवर्धक होता, दिवे होते, पहिल्या रांगेंत पाहुणे होते. गाणें उत्तम झालें असें सर्वांनीं सांगितलें. नव्या मुलानें हात चांगला चालविला. टाळ्या पुष्कळ पडल्या. मागच्या बांकांवरील मुलांनीं ‘पुनः एकदां’ असा गलका केला. आम्हांस त्या रात्रीं आनंद झाला नाहीं असें म्हणूं तर तें खोटें होईल. फार आनंद झाला.

दिवे लागल्यावर तो मागच्या दाराशीं उभा असलेला दिसला. आम्ही त्याच्याकडे गेलों. तो काय म्हणेल याची कल्पना येईना. रागावला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. तो म्हणाला, “दुसऱ्या कडव्यापासून चौथी तार उतरली होती. पंचम.” मग, पहाटे वर्तमानपत्रें घ्यावयास जावयाचें आहे, असें सांगून तो गेला.

त्या कार्यक्रमाची टेप आमच्यापैकीं एकाच्या काकांनीं केली होती. ती घरीं आणून ऐकली. दुसऱ्या कडव्यापासून पंचम उतरलेला होता.

१९८३ च्या जानेवारींत तें कुटुंब सातारा जिल्ह्यांतील आपल्या गांवीं गेलें. मार्चमध्यें शाळेच्या पत्त्यावर आम्हां तिघांच्या नांवें एक पोस्टकार्ड आलें. गांवीं वीज आहे, पण टेपरेकॉर्डर नाहीं. पेटी बरोबर आणली आहे. आपण कोणतें नवें गाणें बसविलें, तें कळवावें, असा मजकूर होता. उत्तर आम्हीं तिघांनीं मिळून लिहावयाचें ठरविलें, आणि तिघांवर सोंपविलेलें काम जसें होतें तसें तें झालें. आमची वार्षिक परीक्षा होती. पोस्टकार्ड आम्हांजवळ आहे.

संप कधीं मागें घेतला गेला नाहीं. तो तसाच विरला. अनेक गिरण्या पुनः उघडल्याच नाहींत, आणि ज्या उघडल्या त्यांत पुष्कळांस परत घेतलें नाहीं. पुढें त्या जमिनींवर उंच इमारती व बाजार उभे राहिले, आणि कांहीं ठिकाणीं त्यांच्यामध्यें एखादी जुनी चिमणी राखून ठेवलेली दिसते. आमच्यापैकीं एकाचें कार्यालय अशाच एका इमारतींत सतराव्या मजल्यावर होतें.

१९९४ सालीं पावसाळ्यांत दादर स्थानकावर आमच्यापैकीं एकास तो भेटला. भेट म्हणजे गाडीच्या दारांत, गर्दींत, परळपर्यंत. भिवंडीस यंत्रमागावर असतों, वडील वारले, एक मुलगी आहे, एवढें त्यानें सांगितलें. आपला मित्र कांहीं तरी क्षमेचें बोलूं पाहत होता, पण भोंवतीं माणसांचा दाब असा होता कीं, शब्द तोंडाबाहेर नीट पडेनात. उतरतांना त्यानें विचारलें, “आतां पंचम राहतो का जागेवर?” आणि हसून तो गर्दींत गेला. पत्ता विचारावयाचा राहिला. त्यानंतर आम्हीं भिवंडीस दोनदां जाऊन चौकशी केली, गांवींही एकदां गेलों. तेथील घर बंद होतें, आणि शेजाऱ्यांस मुंबईचा पत्ता ठाऊक नव्हता.

आम्ही तिघे आतां साठीच्या उंबरठ्यावर आहों. वर्षांतून एकदोन वेळां जमतों. कॅसेटी गेल्या, आतां गाणें खिशांतल्या दूरध्वनींत असतें; काळा घोड्याजवळचें ‘ऱ्हिदम हाऊस’, जेथें आम्ही पैसे नसतांना तासन्‌तास गाणीं चाळीत असूं, तें दुकानही २०१६ सालीं बंद झालें. जॉन लॉर्ड २०१२ सालीं वारले, क्लोद नोब्स २०१३ सालीं. आमच्याकडे गिटारें चांगलीं आहेत. ड्रमवाला आम्हीं कोणी ठेवला नाहीं. मुखडा आम्ही टाळावर वाजवितों, आणि टाळ आमच्यापैकीं कोणासच तितका येत नाहीं.

हा लेख लिहिण्यापूर्वीं आम्ही मुद्दाम शाळेंत येऊन गेलों. ती पायपेटी सभागृहाच्या डाव्या कोंपऱ्यांत अजून आहे. ठोकळा मात्र नवा दिसला. ज्या विद्यार्थ्यास मुखडा वाजवून पाहावयाचा असेल त्यानें शिक्षकांची परवानगी घेऊन पांढरी पांच षड्ज धरावी, आणि तिच्याबरोबर खालची पांढरी दोन दाबावी. मग काळी पांच व तिच्याखालीं पांढरी चार. मग वरची पांढरी एक व तिच्याखालीं पांढरी पांच. तीव्र मध्यमासाठीं वरची काळी एक व तिच्याखालीं काळी चार. दोन्ही पट्ट्या अगदीं एकदम दाबल्या पाहिजेत, आणि भाता थांबूं देऊं नये. पांढरी दोन दमट हवेंत खालीं अडकून बसते. दाबल्यावर ती बोटानें किंचित् वर उचलावी लागते. आमच्या वेळींही ती तशीच होती.